वकिलीचे शिक्षण : मुलांना सरकारी कॉलेजात घालण्यापूर्वी



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खताचे हप्ते आणि हुमणीचा बंदोबस्त यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय थोडा वेगळा आहे. ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना चहाबरोबर हल्ली एक प्रश्न हमखास पुढे येतो. "साहेब, पोरगी बारावीला हाय. वकील व्हायचं म्हणते. सरकारी कॉलेजात घातली तर भागंल का?" आम्ही शेतकीच्या पदविकेपर्यंत शिकलेले, कायद्याची पदवी आमच्यापाशी नाही. पण हा प्रश्न इतक्या उंबऱ्यांवर ऐकला, की शेवटी प्रवेशाच्या माहितीपुस्तिका मिळवून वाचल्या आणि तालुक्याच्या कोर्टातील वकील मंडळींपाशी जाऊन बसलो. जे समजले ते येथे मांडतो.

घरात एक वकील असावा असे शेतकऱ्याला का वाटते, हे सांगायला नको. बांधाचा तंटा, भावकीतले वाटप, सातबाऱ्यावरची चुकीची नोंद, विहिरीची पाळी, कालव्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, ही सारी कामे कोर्टकचेरीशी जाऊन भिडतात. आपला कारखानाही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे चालतो. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत, उशीर झाल्यास सालीना १५ टक्के व्याज द्यावे, असे ऊस नियंत्रण आदेश १९६६ सांगतो. कारखान्याच्याच पत्रकात हे छापायला आम्हांला संकोच वाटत नाही. हक्क ठाऊक असलेला सभासद हीच सहकाराची ताकद आहे. तेव्हा आपली मुले कायदा शिकत असतील तर आनंदच आहे. फक्त नीट माहिती घेऊन शिकावीत.

'सरकारी' म्हणजे नेमके कोणते?

आपण 'सरकारी कॉलेज' असे एकाच शब्दात म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळे प्रकार येतात, आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला प्रकार, राज्य शासन स्वतः चालवते ते. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय हे त्याचे ठळक उदाहरण. ते १८५५ साली स्थापन झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ ते १९३८ या काळात तेथे प्राचार्य होते. येथली फी वर्षाला काही हजारांत भागते. मात्र मुंबईत राहण्या-खाण्याचा खर्च फीच्या कितीतरी पट होतो, हे विसरू नये. आणि जागा थोड्या, मागणारे फार, म्हणून गुणही तसेच लागतात.

दुसरा प्रकार अनुदानित कॉलेजांचा. संस्था खासगी, पण मान्य पदांच्या शिक्षकांचे पगार शासन देते. पुण्याचे आय.एल.एस. विधी महाविद्यालय १९२४ चे, कोल्हापूरचे शहाजी विधी महाविद्यालय १९३३ चे. देवराष्ट्र्याच्या शेतकरी घरातले यशवंतराव चव्हाण पुण्यातच कायदा शिकले, १९४१ ला एलएल.बी. झाले आणि कराडला त्यांनी वकिली सुरू केली. या प्रकारात एक मेख आहे. एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते. पाटी एक, फी दोन. म्हणून कॉलेजचे नाव विचारून थांबू नका. प्रवेश कोणत्या तुकडीत आहे ते विचारा.

तिसरा प्रकार राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा. बंगलोरला पहिले झाले. आपल्या राज्यात २०१४ च्या कायद्याने मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे झाली. ही कायद्याने स्थापन झालेली सार्वजनिक विद्यापीठेच आहेत, पण स्वस्त नाहीत. फी, वसतिगृह आणि जेवण धरून बहुतेक ठिकाणी वर्षाला दोन लाखांच्या वर जातात; पाच वर्षांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिक्षण उत्तम, मोठ्या कंपन्या आणि वकिलांच्या पेढ्या तेथे येऊन मुलाखती घेतात, हेही खरे. पण 'सरकारी आहे, म्हणजे स्वस्त असणार' या समजुतीने कोणी तिकडे गेला, तर पहिल्याच वर्षी कर्जाचा अर्ज भरावा लागेल.

आधी मान्यता, मग बाकीचे

बेणे घेताना आपण मळा बघतो, तशी कॉलेज बघताना भारतीय वकील परिषदेची, म्हणजे बार कौन्सिलची, मान्यता बघावी. ती नसेल तर त्या पदवीवर सनद मिळत नाही. घरबसल्या टपालाने मिळवलेल्या कायद्याच्या पदवीवरही वकिली करता येत नाही. कॉलेजला नियमित जावेच लागते. परिषदेच्या २००८ च्या नियमांनी ७० टक्के हजेरी धरली आहे. 'नाव घाला, परीक्षेपुरते या' असे कोणी सांगत असेल, तर त्या दारात पाऊल टाकू नये.

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन अभ्यासक्रम आहेत. शास्त्र, वाणिज्य, कला, कोणतीही शाखा चालते, बी.एस्सी. ॲग्रीचा मुलगाही तीन वर्षांच्या वर्गाला जाऊ शकतो. मात्र आधीच्या परीक्षेत खुल्या वर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण हवेत.

तारीख चुकली की हंगाम गेला

आमच्या एका गटातील सभासदाची गोष्ट सांगतो, नाव देत नाही. मुलगी हुशार. कॉलेज कोणते हेही ठरलेले. पण प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत आली ती ऐन गळितात. टोळी फडात, बाप टोळीच्या मागे, आणि पोरीला वाटले की फॉर्म बारावीच्या निकालानंतर भरायचा असतो. चौकशीला गेली तेव्हा परीक्षा होऊन गेलेली. 'व्यवस्थापनाच्या कोट्यातून करून देतो' म्हणणारे तेव्हा बरेच भेटले, आकडेही सांगून गेले. मुलीनेच नको म्हटले. एक वर्ष घरी बसली, पुढच्या वर्षी परीक्षा दिली आणि अनुदानित तुकडीत गेली. चांगले झाले, पण एक वर्ष गेलेच.

म्हणून दोन परीक्षा लक्षात ठेवा. राज्यातील शासकीय, अनुदानित आणि इतर विधी महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची विधी प्रवेश परीक्षा असते. पाच वर्षांची वेगळी, तीन वर्षांची वेगळी. प्रश्न इंग्रजी आणि मराठीत असतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी 'क्लॅट' असते. ती अलीकडे डिसेंबरात होते, म्हणजे मूल बारावीत असतानाच. ती सगळी इंग्रजीतून, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. जिला ती द्यायची आहे, तिने अकरावीपासून रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचण्याची सवय लावावी.

मराठी शाळेत शिकलेल्यांनी बिचकू नये. तालुका आणि जिल्हा कोर्टाची भाषा मराठी आहे, आणि काही विद्यापीठांत उत्तरपत्रिकाही मराठीत लिहिता येते. पण कायद्याची मोठी पुस्तके आणि हायकोर्टाचे निकाल इंग्रजीत असतात. तेव्हा इंग्रजी वाचून समजण्याइतकी तयारी केल्यावाचून सुटका नाही.

सवलत मिळते, पण दार योग्य हवे

शासनाच्या फी-सवलती बहुतेक करून केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलांसाठी आहेत. कोट्यातून पैसे भरून गेलेल्याला त्या मागता येत नाहीत. एकाच कॉलेजात एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाला सवलत आणि दुसऱ्याला नाही, असे होते ते यामुळे.

मुलींच्या पालकांनी एक नीट वाचावे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील मुलींना, प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. राहण्याचा खर्च यात नाही. याशिवाय राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, यांचीही चौकशी महाडीबीटीवर करावी.

या साऱ्याला दाखले लागतात : अधिवास, उत्पन्न, जात, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर. जात वैधतेला वेळ लागतो. अकरावीच्या वर्षातच कागद गोळा करायला लागा. जूनमध्ये तहसीलच्या दारात रांग लावून काही उपयोग होत नाही.

पदवी हातात आली, पुढे काय?

सर्वांत महत्त्वाचे येथे आहे, आणि तेच कोणी सांगत नाही. पदवी मिळाली म्हणजे कमाई सुरू झाली असे नाही. आधी ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ खाली सनद घ्यायची. त्याची नोंदणी फी कायद्यात आहे तेवढीच, म्हणजे खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये घ्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. मग अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हायची. मग कोणातरी जाणत्या वकिलाच्या हाताखाली बसायचे. शिकाऊ वकिलांना ग्रामीण भागात महिना १५ हजार आणि शहरात २० हजार द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिलने २०२४ मध्ये केली. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आम्ही ज्यांच्यापाशी बसलो त्यांतले एक वकीलसाहेब म्हणाले, "पहिली दोन वर्षं घरचा डबा आणि घरचं पेट्रोल. ज्याच्या घरच्यांनी तेवढा दम काढला, तो टिकला."

न्यायाधीश होण्याचे मनात असेल त्यांनी हेही बघावे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी. म्हणजे पदवी झाली की लगेच परीक्षा, हा जुना हिशेब धरून चालू नये.

आमच्या भागातला एक मुलगा पाच वर्षे शिकला, सनद घेतली आणि दुसऱ्या वर्षी काळा कोट पेटीत ठेवून घरी आला. अभ्यासात कमी नव्हता. घरच्यांनी पाच वर्षांचाच पैसा धरला होता. सहाव्या वर्षी बापाने विचारले, "आता तरी चार पैसे पाठव," आणि पोराच्या हातात काही नव्हते. चूक बापाची नाही आणि पोराचीही नाही. हिशेबच अपुरा धरला होता.

आडसालीची लागण करताना १८ महिने पैसा येणार नाही, हे आपण धरूनच चालतो. म्हणून मधल्या काळात कोणी ऊस मोडून टाकत नाही. वकिली हे सात-आठ वर्षांचे पीक आहे. तेवढी वर्षे धरा, मग कॉलेज निवडा. सरकारी आहे की नाही हे त्यानंतर बघायचे.

ज्या घरांत मुले यंदा दहावी-अकरावीला आहेत, त्यांनी एका कागदावर तीन गोष्टी लिहून भिंतीला लावाव्यात : कोणती परीक्षा, फॉर्मची शेवटची तारीख, आणि कोणता दाखला बाकी. तारखा दरसाल बदलतात. त्या त्या वर्षीचे पत्रक बघूनच लिहाव्यात. गट कार्यालयात ऊसनोंदीला याल तेव्हा मुलामुलींनाही बरोबर आणा. फॉर्म वाचून समजावण्याइतकी मदत आमचे कर्मचारी आनंदाने करतील. तोडणीची तारीख चुकू नये म्हणून आपण सारेच जपतो. पोरांचीही चुकू नये, एवढेच मागणे.

ऊस विकास अधिकारी