स्थलनामांची भाषा : आयर्लंडमधील पाट्या आणि जांब्यातील शेते

नामाचे मूळ रूप आणि विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वीचे त्याचे सामान्यरूप यांतील भेद आपल्याला परिचित आहे. 'घोडा' या नामाचे सामान्यरूप 'घोड्या', 'तळे' या नामाचे 'तळ्या'. हा भेद परीक्षेपुरता असतो, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः एखादी भाषा आपल्या परिसरात किती खोलवर रुजलेली आहे हे तपासण्याचे ते एक उत्तम साधन आहे. ते कसे, हे प्रस्तुत लेखात स्थलनामांच्या आधारे पाहू. त्यासाठी लागणारी बरीचशी उदाहरणे मला आयर्लंडमध्ये मिळाली, आणि ती माझ्या लक्षात आणून देण्याचे श्रेय माझ्या सहप्रवाशाचे आहे.

हा सहप्रवासी म्हणजे माझा महाविद्यालयीन काळापासूनचा जिवलग मित्र. मुळशी तालुक्यातील जांबे हे त्याचे गाव. अनेक वर्षे त्याने प्राथमिक शाळेत शिकवले आणि त्याबरोबर घरची भातशेतीही सांभाळली. त्याचा मुलगा नोकरीनिमित्त डब्लिनला असतो. त्याच्या घरी मुक्काम ठेवून आम्ही दोघे बारा दिवस पश्चिम किनाऱ्यापर्यंत फिरलो. मित्राने भाषाविज्ञानाचा अभ्यास केलेला नाही. परंतु चाळीस मुलांच्या वर्गात कोण काय कुजबुजले हे ओळखणारा शिक्षकाचा कान त्याच्याजवळ आहे. क्षेत्रीय अभ्यासात हा कान पदवीपेक्षा अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

आयर्लंडमधील रस्त्यांवर गावाचे नाव दोन ओळींत लिहिलेले असते. वरच्या ओळीत तिरप्या अक्षरांत आयरिश नाव आणि खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजी नाव. दुसऱ्याच दिवशी मित्राने विचारले, ''वरचं तिरकं नाव वाचतं कोण?'' प्रश्न साधा दिसला तरी त्याच्या उत्तरात त्या देशाचा भाषिक इतिहास सामावलेला आहे. १९३७ च्या संविधानानुसार आयरिश ही तेथील राष्ट्रभाषा व पहिली राजभाषा असून इंग्रजीला दुसऱ्या राजभाषेचे स्थान आहे. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदविले. मात्र शाळा-महाविद्यालयाबाहेर ती रोज बोलणारे त्यांपैकी केवळ ७२ हजारांच्या आसपास होते. भाषा 'येणे' आणि भाषा 'वापरणे' यांतील हे अंतर नीट ध्यानात घ्यावे. राज्यघटना, अनिवार्य शालेय विषय, दूरचित्रवाहिनी, युरोपीय संघाची मान्यता हे सर्व असूनही ते अंतर भरून निघालेले नाही.

खालच्या ओळीतील इंग्रजी नावे बहुतांशी भाषांतरित नाहीत. ती आयरिश नावांची इंग्रज कानांनी ऐकलेली रूपे आहेत. १८२४ मध्ये ब्रिटिश शासनाने आयर्लंडची सविस्तर मोजणी हाती घेतली. १८४६ पर्यंत एका मैलास सहा इंच या प्रमाणावर संपूर्ण बेटाचे नकाशे तयार झाले. नावे निश्चित करण्याच्या कामावर जॉन ओडोनोव्हन हा विद्वान होता. तो गावोगाव हिंडे, वृद्धांच्या तोंडून नाव ऐकून घेई, जुन्या कागदपत्रांशी ते ताडून पाही आणि मूळ रूप लिहून ठेवी. नकाशावर मात्र इंग्रजी वळणाचे रूप जाई. अशा प्रकारे गाव या अर्थाचा 'बाल्य' हा शब्द 'बॅली' झाला, चर्च या अर्थाचा शब्द 'किल' झाला आणि किल्ला या अर्थाचा 'डून' हा 'डन' झाला. 'डब्लिन' या नावामागे 'काळा डोह' असा अर्थ आहे. आयरिशमध्ये त्याच शहराचे प्रचलित नाव अगदी वेगळे असून त्याचा अर्थ 'कुडांच्या उताराचे गाव' असा होतो. नदीच्या उतारात कुडाचे ताटवे टाकून केलेली वाट त्यात सूचित आहे. आयरिश जाणणाऱ्याला नावातून जमीन दिसते. न जाणणाऱ्याच्या वाट्याला केवळ ध्वनी येतो. आपल्याकडील 'किरकी' आणि 'खडकी' ही जोडी येथे आठवावी. 'खडकी'त खडक आहे; 'किरकी'त काहीच नाही.

आता व्याकरणाकडे वळू. कॉर्क या शहराचे आयरिश नाव साधारणपणे 'कोर्की' असे उच्चारले जाते. त्याचा अर्थ पाणथळ जागा. 'कॉर्कमध्ये' असे म्हणताना मात्र आधी 'इ' हे अव्यय येते आणि नावाचा आद्य ध्वनी बदलून 'इ गोर्की' असा उच्चार होतो. तसेच 'बाल्य'चे 'इ माल्य' होते. आयरिशमध्ये शब्दाचे तोंड बदलते, तर मराठीत शब्दाचा शेवट बदलतो. पुणे – पुण्यात, सातारा – साताऱ्यात, नाशिक – नाशकात, कोल्हापूर – कोल्हापुरात. लेखनातील एक फरक लक्षणीय आहे. आयरिश लेखनात मूळ आद्याक्षर पुसले जात नाही. बदललेल्या ध्वनीचे अक्षर त्याच्या आधी जोडले जाते. त्यामुळे वाक्यात आलेल्या नावातही मूळ नाव डोळ्यांना दिसत राहते. मराठीत 'पुण्यात' या रूपातून 'पुणे' शोधून काढण्याचे काम वाचकाचे असते, आणि मराठी भाषक ते नकळत करतो.

हे नकळत होणेच आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. माझा मित्र 'जांब्याला जातो', 'जांब्यात पाऊस आहे' असे बोलतो. हिंजवडी-मारुंजीच्या परिसरात नव्याने राहायला आलेल्या माणसांच्या तोंडी मात्र 'जांबेला', 'जांबेमध्ये' अशी रूपे ऐकू येतात. ही रूपे अशुद्ध म्हणून त्यांची चेष्टा करण्यात अर्थ नाही. त्यांतून मिळणारी माहिती वेगळी आहे. ते नाव या भाषकांना माणसांच्या बोलण्यातून मिळालेले नसून पाटीवरून अथवा भ्रमणध्वनीतील नकाशावरून मिळालेले असावे, असे त्यांवरून अनुमान करता येते. पाटीवर नेहमी प्रथमा विभक्ती असते. सामान्यरूप केवळ संभाषणातच जिवंत असते. 'हिंजवडी'चे 'हिंजेवाडी' होणे हाही असाच प्रवास आहे. मराठी नाव रोमन लिपीत गेले आणि तेथून परत येताना वाटेत त्याचे स्वर बदलले.

एका संध्याकाळी गॉलवे येथील खानावळीत शेजारच्या बाकावर आयरिश बोलणारे एक कुटुंब बसले होते. मित्र मध्येच थांबून म्हणाला, ''अरे, ही बाई माहेराबद्दल बोलतेय.'' त्याने ऐकलेला शब्द 'आई' या अर्थाचा होता. त्याचा उच्चार 'माहिर' या उच्चाराच्या पुष्कळ जवळ जातो. येथे व्युत्पत्तीचा अभ्यास करणाऱ्याने दुहेरी सावधगिरी बाळगावी. आयरिश आणि मराठी या दोन्ही भारोपीय कुलातील भाषा असल्याने आयरिश शब्द व संस्कृत 'मातृ' हे सगोत्र आहेत, आणि आपले 'माहेर' हे 'मातृगृह' यावरून आलेले आहे. म्हणजे 'मा' या अंशापुरते मित्राचे कान खरेच होते. परंतु आयरिश शब्दातील 'हिर' हा 'मातृ'मधील 'तृ'चा वंशज, तर 'माहेर'मधील 'हेर' हा 'गृह' शब्दाचा अवशेष. अर्धे साम्य रक्ताचे आणि अर्धे योगायोगाचे! केवळ ऐकून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी नियमित ध्वनिपरिवर्तनाचे प्रमाण लागते. ते प्रमाण आयरिश भाषेत विपुल आहे. उदाहरणार्थ, केल्टिक शाखेत मूळचा 'प' लोप पावला. म्हणून 'पितृ'चा आयरिश सगोत्र 'अहिर' असा, 'प'शिवाय, ऐकू येतो. गायीसाठी 'बो' हा शब्द आहे. तो 'गो'चा सगोत्र होय. रस्त्याला आयरिशमध्ये 'बोहर' म्हणतात आणि त्याची व्युत्पत्ती या 'बो'शीच जोडली जाते. रस्ता म्हणजे मुळात गुरांची वाट. मित्राला हे फार आवडले. पुढचे दोन दिवस तो प्रत्येक महामार्गाला 'पाणंद'च म्हणत होता.

व्याकरणातील साम्येही रोचक आहेत. आयरिशमध्ये 'असणे'हून वेगळे, मालकी दाखविणारे क्रियापद नाही; 'पुस्तक आहे माझ्यापाशी' अशीच रचना होते. 'मी दुःखी आहे' हे 'दुःख आहे माझ्यावर' असे सांगितले जाते. 'मला भूक लागली', 'मला वाईट वाटले' असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला या रचना इंग्रजीपेक्षा घरच्या वाटाव्यात यात नवल नाही.

नावावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न डिंगल येथे उभा राहतो. केरी परगण्यातील हे बंदर 'गेलटाख्ट' म्हणजे अधिकृत आयरिशभाषी प्रदेशात येते. अशा प्रदेशातील पाट्यांवर केवळ आयरिश नावे असावीत असा आदेश २००५ मध्ये अमलात आला आणि 'डिंगल' हे नाव पाट्यांवरून गेले. त्याऐवजी 'गढी' या अर्थाचे 'अन् डँग्यन' हे आयरिश नाव आले. गावकरी प्रसन्न होतील अशी अपेक्षा असावी. घडले ते उलट. पर्यटनावर पोट असलेल्या लोकांनी विरोध केला. २००६ च्या मतदानात बहुसंख्य मतदारांनी द्विभाषिक नावाच्या बाजूने कौल दिला आणि पुढे २०११ मध्ये कायद्याने दोन्ही नावे मान्य झाली. या प्रकरणाकडे आयरिशचा पराभव म्हणून पाहणे मला पटत नाही. दीड-दोन शतके वापरलेले इंग्रजी नावही तेथील लोकांचेच झाले होते. शासन पाटी बदलू शकते. जिभेवरचे नाव बदलण्यास तिला फार वेळ लागतो.

जिभेवरून आयरिश उतरली कशी, हे समजून घेणे मात्र आवश्यक आहे. १८३१ पासून राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या आणि त्यांचे माध्यम इंग्रजी होते. मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवीत. तो आयरिश बोलला की तिच्यावर खाच पाडीत आणि खाचा मोजून शिक्षा करीत. कित्येक ठिकाणी या प्रथेला आईवडिलांची संमती असे. मुलाला नोकरी मिळावी, परदेशी जाता यावे, ही त्यांची इच्छा होती. त्यानंतर १८४५ पासूनच्या बटाटा-दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देशोधडीला लागली. सर्वाधिक झळ पश्चिम व दक्षिणेकडील गरीब, आयरिशभाषी भागाला बसली. १८९३ मध्ये डग्लस हाइड प्रभृतींनी भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग स्थापन केली, तोवर ती बहुसंख्य घरांतून गेलेली होती. काठीवरची खाच मित्राला सहन झाली नाही. ''आपण काठी वापरत नाही, शाळेचं माध्यम बदलतो,'' एवढेच तो म्हणाला. त्याची स्वतःची नातवंडे डब्लिनमध्ये इंग्रजी बोलतात, शाळेत आयरिश शिकतात आणि आजोबांशी फोनवर थोडे मराठी बोलतात. मराठी आणि आयरिश यांची स्थिती सारखी मुळीच नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषकांची संख्या ८ कोटी ३० लाखांहून अधिक होती. तथापि मुलांच्या भवितव्यासाठी आईवडिलांनी प्रेमाने घेतलेला निर्णय भाषेसाठी किती निर्णायक ठरतो, हे दोन्हीकडे तपासून पाहण्यासारखे आहे.

प्रसंगोपात्त एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठीच्या बोलींचे नमुने ज्या 'भारतीय भाषा सर्वेक्षणा'च्या सातव्या खंडात (१९०५) आपण पाहतो, त्या सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज ग्रिअर्सन हे डब्लिनजवळ १८५१ मध्ये जन्मले आणि डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात शिकले. उलट दिशेचेही उदाहरण आहे. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे पितृकुल मालवण तालुक्यातील वराड गावचे. 'वराड' अधिक 'कर' अशी या आडनावाची फोड होते. आयरिश उच्चारात त्याचे स्वर पालटले, तरी सिंधुदुर्गातील एका गावाचे नाव त्या देशाच्या सर्वोच्च कार्यकारी पदावर पोहोचले.

आयर्लंडमध्ये गावाहूनही लहान असा 'टाउनलँड' हा भूविभाग असतो. अशा ६० हजारांहून अधिक विभागांना स्वतंत्र नावे आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये १९७० च्या दशकात टपाल खात्याने पत्त्यांतून ही नावे वगळून रस्त्याचे नाव व घरक्रमांक आणला, तेव्हा फर्माना या परगण्याने ती सोडण्यास नकार दिला. मित्र परत आल्यावर काही दिवसांनी मला जांब्यातील शेतांच्या नावांची एक वही मिळाली. 'थोरलं खाचर', 'वडाचं टेप', 'देवाची पट्टी', 'आवळीखालचं' अशी बेचाळीस नावे त्याने आपल्या चुलत्यांकडून उतरवून घेतली होती. सात-बाराच्या उताऱ्यावर तेथे केवळ गट क्रमांक आहेत. त्यांतील अकरा तुकडे विकले गेले असून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांना परभाषेतील नावे आहेत. 'आवळीखालचं' हे नाव सांगणारे चुलते त्या आवळीचे ठिकाण बोटाने दाखवू शकतात. तेथे आता वाहनतळ आहे.

आपल्या गावाविषयी असे काम आपणही करावे. प्रथम आपल्या गावाचे नाव 'ला', 'त', 'हून' या प्रत्ययांसह तीन पिढ्यांतील व्यक्तींकडून म्हणवून घ्यावे आणि जसे ऐकू येईल तसे लिहावे. सांगणाऱ्याचे वय व तो गावात कधीपासून राहतो याची नोंद ठेवावी. नंतर शेते, ओढे, पाणवठे, वाटा यांची नावे मिळवावीत. नावाची व्युत्पत्ती लावण्याची घाई करू नये. 'जांबे' म्हटले की कोणी जांब आठवतो, कोणी जांभूळ, तर कोणी आद्य पत्रकार बाळशास्त्री जांभेकरांचे आडनाव. परंतु 'ब' आणि 'भ' हे मराठीतील भिन्न स्वनिम आहेत आणि नुसते ध्वनिसाम्य पुरावा ठरत नाही. 'पुणे' या नावाबाबत इ. स. ७५८ व ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटांतील 'पुण्यविषय' आणि 'पूनकविषय' असे उल्लेख आहेत, म्हणून त्याची चर्चा करता येते. आपल्या गावाचा असा जुना उल्लेख मिळेपर्यंत व्युत्पत्तीचा रकाना मोकळा ठेवावा. सामान्यरूपाचा रकाना मात्र मोकळा राहता कामा नये. तो भरण्यासाठी ज्येष्ठांकडे याच सत्रात जावे.