ॲनिमे बघायचंय? आधी 'टोटोरो' लावा

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर 'जंगल बुक'मधला मोगली बघितलेल्यांनी ॲनिमे तेव्हाच पाहिलंय. ती मालिका १९८९ची, जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची. डोरेमॉन, शिनचॅनही तिकडचेच. त्यामुळे ॲनिमे म्हणजे पोरांचं कार्टून हा समज घट्ट बसला, आणि पहिला चित्रपट निवडताना गडबड होते ती इथेच.

१६ एप्रिल १९८८ रोजी स्टुडिओ घिब्लीचे दोन चित्रपट जपानमध्ये जोडीने लागले. हायाओ मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो' नातवाने आजीच्या मांडीवर बसून बघावा असा. इसाओ ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' मात्र महायुद्धात कोबे शहरावरच्या बॉम्बहल्ल्यात आई गमावलेल्या भावंडांचा. त्यातली उपासमार मोठ्यांनाही सोसत नाही. चित्रं गोड दिसली म्हणून तो लहानांपुढे लावू नये. मोठ्यांनी मात्र चुकवू नये.

मालिकाच हवी असेल तर 'डेथ नोट' घ्यावी. वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो, एवढीच कल्पना, पण पोलिसांशी चालणारा डाव सोडवत नाही. ३७ भागांत विषय संपतो. पोरं झोपल्यावर बघायची ही गोष्ट. १९९९पासून चाललेल्या 'वन पीस'चे हजारावर भाग झालेत. नवख्याने एवढ्यात त्याच्या वाटेला जाऊ नये.