गाडीवर रंगाचे शिंतोडे उडालेत? थिनरची बाटली आधी बाजूला ठेवा!

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या गेटला स्प्रेने निळा ऑइलपेंट मारला. गेट झालं चकाचक, पण शेजारी उभी असलेली बाबांची पांढरी गाडी निळ्या ठिपक्यांनी भरली. रविवारी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं! कुणीतरी म्हणालं, "थिनर मार, मिनिटात जाईल." मी ऐकलं आणि सुरुवात केली हेडलाइटपासून. ठिपके गेले, पण काच धुरकट झाली आणि आत बारीक तडे दिसायला लागले. ती मुळात काच नसतेच, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं, आणि थिनर ते खातं.

मग जरा वाचलं. स्प्रेचे बारीक थेंब वाऱ्याबरोबर उडताना हवेतच अर्धवट सुकतात. त्यामुळे ते गाडीच्या रंगात मुरत नाहीत, वर चिकटून बसतात. म्हणजे त्यांना विरघळवायची गरज नाही, उपटून काढायचं. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, आपल्या केसापेक्षाही पातळ. कंपनीचा भट्टीत पक्का केलेला रंग थिनर थोडा वेळ सोसेल, पण बाहेरून टचअप केलेला भाग असेल तर ठिपक्याबरोबर तोही निघून येईल.

आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, भरपाई मागायला लागतात. (आमचा कॉन्ट्रॅक्टर फोटो बघूनच नरमला.) मग गाडी धुऊन सावलीत आणा. मोबाइलचा टॉर्च पत्र्याला तिरका धरला की ठिपके चमकतात. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा, डोळ्यांना न दिसणारी खरखरही लागेल. भिंतीचा पाण्यातला रंग असेल आणि ओला असेल, तर नुसत्या पाण्यानेच जातो.

सुकलेल्या ठिपक्यांसाठी क्ले बार घ्या. लहान मुलांच्या खेळायच्या मातीसारखा असतो, ऑनलाइन मिळतो. त्याचा छोटा तुकडा चपटा करा. पाण्यात कार शॅम्पू कालवून पत्रा भरपूर ओला करा आणि क्ले अलगद, सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा. दाबायचं नाही! आधी खरखर जाणवते, मग क्ले गुळगुळीत सरकतो, म्हणजे तेवढी जागा झाली. क्ले निळा झाला की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्या. जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या. चिकटलेला एक खडा अख्ख्या बॉनेटवर ओरखडे मारेल. माझा एक तुकडा असाच गेला. शेवटी वॅक्स लावा, कारण क्लेबरोबर जुनं वॅक्सही निघून येतं.

खरी डोकेदुखी काळ्या, खरखरीत प्लॅस्टिकची. तिथे क्ले नको, तो खाचांत अडकतो. साबणाचं पाणी आणि मऊ टूथब्रश घ्या. नाही गेलं तर टार रिमूव्हर कापडावर घेऊन आधी कोपऱ्यात लपलेल्या जागी लावून बघा, आणि लगेच धुवा. खिडकीच्या खऱ्या काचेवर मात्र साबणपाणी लावून नवं ब्लेड आडवं धरलं तरी चालतं.

गाडीचा रंग मॅट असेल तर क्ले लावू नका, मध्येच चमकदार पट्टे पडतात. आणि उडालेला रंग हार्डनर मिसळलेला पीयू किंवा इपॉक्सी असेल, आणि वाळून दगड झाला असेल, तर गाडी डिटेलिंगवाल्याकडेच न्या.

आमची गाडी दोन संध्याकाळी घासून स्वच्छ झाली. रविवारी गिऱ्हाइकाने सगळीकडून हात फिरवला, मान डोलावली, आणि हेडलाइटपाशी थांबून विचारलं, "हे काय झालंय?" बाबांनी माझ्याकडे बघितलं.