वाचलं, पण कळलं का?

१४ डिसेंबर २०२३ रोजी पुण्यात सर परशुरामभाऊ महाविद्यालयाच्या मैदानावर ३०६६ पालकांनी एकाच वेळी आपापल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवली आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. पुणे पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने झालेला तो विक्रम काही मिनिटांचाच होता, पण त्यासाठी निवडलेली कृती अचूक होती. शेजारी मूल, हातात पुस्तक आणि वाचून दाखवणारं मोठं माणूस. लहान मुलांची शब्दसंपत्ती आणि आकलन वाढवायचं तर एवढं रोज घरी घडलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे पहिली-दुसरीतल्या मुलाची परीक्षा बाराखडी आणि जोडाक्षरांवर होते. धडा घडाघडा वाचला की घर समाधानी. मग कुणीतरी विचारतं, ‘त्या मुलीला राग का आला गं?’ आणि मूल पुन्हा पुस्तकात तोंड घालतं. ही तक्रार शिक्षकांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. १९८६ साली गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं : अक्षरांवरून शब्द ओळखण्याची क्षमता गुणिले बोललेली भाषा समजण्याची क्षमता. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींतलं एक शून्य असेल, तर उत्तर शून्यच. शाळेचा बहुतेक वेळ पहिल्या अंगावर जातो. दुसरं अंग आपोआप वाढेल, असं आपण धरून चालतो.

मराठीत तर ही दोन अंगं एकमेकांत गुंतलेली आहेत. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च लिहायचा एकच, उच्चार वेगळा. ‘जग फार मोठं आहे’ आणि ‘तू सुखाने जग’ ही वाक्यं नीट वाचायला मुलाला दोन्ही शब्द आधी कानाने माहीत असावे लागतात. सामान्यरूपांचंही तसंच. तक्त्यावर ‘दूध’, ‘पाऊस’ वाचलेलं मूल पुस्तकात ‘दुधात’, ‘पावसाने’ दिसलं की अडखळतं. ज्याने हे शब्द शेकडो वेळा ऐकलेत, ते अर्ध्या अक्षरावरून पुढचं ओळखतं.

महाराष्ट्रात या प्रश्नावर चांगलं काम झालेलं आहे. पालघर जिल्ह्यातला वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा करून मराठी-कन्नड साक्षरतेचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०१७ साली आला. वर्गातला मोठा वेळ अक्षरं गिरवण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातो, अर्थाबद्दलचं बोलणं फार थोडं होतं, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. तिथल्या वाचनपद्धतीत अख्खी वर्णमाला संपेपर्यंत मूल ताटकळत नाही. निवडक अक्षरं हाती आली की त्यांतून अर्थपूर्ण शब्द आणि वाक्यं तयार होतात, त्यामुळे वाचन आणि अर्थ पहिल्यापासून हातात हात घालून चालतात.

पुण्याने या बाबतीत मोठी देणगी दिली ती लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांची. चित्रं त्यांची, शब्दही त्यांचेच. ‘राधाचं घर’मधल्या छोट्या राधाच्या घरात आई, बाबा, आजी, आजोबा असतात आणि रोजचंच काहीतरी घडत असतं. वाक्यं छोटी, मराठी अस्सल, आणि मजकुरात नसलेलं बरंच काही चित्रात. त्यामुळे मूल ऐकता ऐकता चित्र शोधत राहतं आणि न सांगितलेलं स्वतःच जोडतं. आकलन म्हणतात ते हेच. ‘वाचू आनंदे’ या बालगट आणि कुमारगटासाठीच्या पुस्तकांत त्यांनी मराठी साहित्यातले उतारे, भारतीय चित्रकला आणि भाषेचे खेळ एकत्र आणले. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली ही पुस्तकं प्रत्येक शाळेच्या कपाटात, तीही कुलपाबाहेर, हवीत.

पण चांगलं पुस्तकही नुसतं वाचून संपवलं तर अर्धंच कामी येतं. मधे थांबावं. ‘आता काय होईल?’ ‘ती का लपली असेल?’ असं विचारावं आणि उत्तराची वाट पाहावी. या वाट पाहण्यात आपण फार कमी पडतो. अनोळखी शब्द आला तर तिथल्या तिथे एका वाक्यात अर्थ सांगावा आणि गोष्ट पुढे न्यावी. व्याख्या पाठ करून घेऊ नये. मग दोन दिवसांत तोच शब्द मुद्दाम बोलण्यात आणावा. तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली, तर दहाव्यांदा वाचावी. शब्द रुजतो तो अशा पुनःपुन्हा भेटण्यातूनच.

आणि शब्द घरात केवढे आहेत! लाडू वळतात, करंजी भरतात, शंकरपाळे लाटून कापतात, चकली सोऱ्याने पाडतात, अनारसे थापतात, चिवडा परततात. हल्ली या सगळ्यासाठी ‘बनवणे’ हे एकच क्रियापद कानावर येतं, याचं मला दुःख होतं. फराळाच्या वेळी मुलांना ओट्याजवळ येऊ द्या, हात लावू द्या, आणि प्रत्येक कृतीचं नाव घेत बोला.

अनुभवाचा वाचनाशी संबंध किती घट्ट आहे, हे अमेरिकेत रेश्ट आणि लेस्ली यांनी १९८८ साली दाखवलं. बेसबॉलवरचा उतारा कळण्यात, वाचनात कच्ची पण खेळाची माहिती असलेली मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ ठाऊक नसलेल्या मुलांच्या पुढे होती. नाना पेठेत, भवानी पेठेत पालख्यांचा मुक्काम पाहिलेल्या मुलाला वारीवरचा धडा असाच लवकर उमगतो. दिंडी, वीणा, टाळ हे शब्द त्याच्यासाठी कोरे नसतात.

पुण्यातली असंख्य मराठी मुलं आज इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्या पालकांना वाटतं, घरी मराठी वाचलं तर इंग्रजी मागे पडेल. ही भीती अनाठायी आहे. गोष्टीतलं कारण ओळखणं, अंदाज बांधणं, न लिहिलेलं समजून घेणं ही कौशल्यं एका भाषेत कमावली की दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडतात.

पुस्तकं महाग वाटत असतील, तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वरही मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात. माणसंही आहेत. प्रत्येक सोसायटीत निवृत्त आजी-आजोबा आहेत, आणि तिथेच सुरक्षारक्षकांची, घरकामाला येणाऱ्या मावशींची मुलंही आहेत, ज्यांना घरी वाचून दाखवणारं कुणी नसतं. या दिवाळीनंतर आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा, दहा पुस्तकं जमवा आणि सोसायटीतल्या सगळ्या मुलांना, अगदी सगळ्या, गोष्ट ऐकायला बोलवा.