विश्लेषण : आवडत्या हॉटेलातील बिल नीट वाचता का? जीएसटी कोण आकारू शकतो, सेवा शुल्क नाकारता येते का?

मिसळ झाली, जादा पाव झाले, वर एक कटिंग झाला. बडीशेपेच्या वाटीबरोबर बिल येते आणि आपण थेट सगळ्यात खालचा आकडा पाहतो. तो चौघांत भागतो, मोबाइलवरून पैसे देतो आणि उठतो. मधल्या ओळी कुणी वाचत नाही.

आम्हीही वाचत नव्हतो. कॉलेजपासून ज्या छोट्या हॉटेलात जातो, तिथे एकदा आमच्यातल्या एकाने गल्ल्यावरच्या काकांना गमतीने विचारले, ‘‘काका, बिलात जीएसटी दिसत नाही. टॅक्स चुकवता की काय?’’ काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मागच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले. ती वाचल्यावर आमच्या माना खाली गेल्या. त्याच आठवड्यात एका चकचकीत कॅफेत मात्र आम्ही १० टक्के सेवा शुल्क निमूट भरून आलो होतो. म्हणजे जिथे शंका घ्यायचे कारण नव्हते तिथे घेतली आणि जिथे विचारायला हवे होते तिथे गप्प बसलो. असे होऊ नये म्हणून बिल कसे वाचायचे, ते समजून घेऊ.

बिलात नेमके काय काय असते?

हॉटेलच्या बिलात तीन प्रकारचे पैसे असतात. पहिला प्रकार म्हणजे पदार्थाची किंमत. ती हॉटेल मालक ठरवतो आणि मेन्यू कार्डावर किंवा भिंतीवरच्या दरफलकावर लिहितो. दुसरा प्रकार म्हणजे कर. तो सरकारचा असतो, हॉटेल फक्त तो गोळा करून भरते. तिसरा प्रकार म्हणजे सेवा शुल्क किंवा ‘सर्व्हिस चार्ज’. हा ना पदार्थाची किंमत, ना कर. तो हॉटेलकडेच राहतो. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आणि जीएसटी एकाखाली एक छापलेले असल्याने दोन्ही सरकारी आहेत, असा अनेकांचा समज होतो. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

हॉटेलातील जेवणावर जीएसटी किती?

साध्या हॉटेलात तो ५ टक्के आहे. बिलात तो सीजीएसटी २.५ टक्के आणि एसजीएसटी २.५ टक्के असा दोन ओळींत दिसतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा वातानुकूलन नसलेल्या हॉटेलांना १२ टक्के आणि वातानुकूलित हॉटेलांना १८ टक्के दर होता. गुवाहाटीत झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर १५ नोव्हेंबर २०१७ पासून दोघांनाही ५ टक्के दर लागू झाला. त्यामुळे ‘एसी’ विभागात बसल्यास कर जास्त लागतो, हे आता खरे नाही. एसीचा दर वेगळा असेल तर ती मालकाने ठरवलेली किंमत आहे. पार्सल घेतले तरी दर तोच राहतो.

अपवाद आहे तो मोठ्या निवासी हॉटेलांचा. ज्या ठिकाणी खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांहून अधिक घेतले जाते, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये साधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो. मद्य जीएसटीच्या कक्षेत येत नाही. त्यावर राज्याचा ‘व्हॅट’ लागतो, म्हणून परमिट रूमच्या बिलात मद्याचा हिशेब वेगळा दाखवलेला असतो.

बिलात जीएसटी नसेल तर हॉटेलवाला कर चुकवतो का?

तसे असेलच असे नाही. याची दोन कायदेशीर कारणे असू शकतात. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या हॉटेलांना जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. रोज सरासरी साडेपाच हजारांचा गल्ला जमवणारी वडापावची गाडी किंवा घरगुती खानावळ या मर्यादेच्या आसपास येते. नोंदणी नसलेल्याने ग्राहकाकडून जीएसटी घेणे मात्र बेकायदा आहे.

दुसरे कारण म्हणजे कंपोझिशन योजना. सरकारी मराठीत तिला ‘आपसमेळ योजना’ म्हणतात. दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेली, मद्य न विकणारी हॉटेले ही योजना घेऊ शकतात. त्यात मालक एकूण उलाढालीच्या ५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतो, ग्राहकाकडून वेगळा घेऊ शकत नाही. बदल्यात कागदपत्रांचा व्याप कमी होतो. कर तिमाहीला भरायचा आणि वार्षिक विवरणपत्र एकच. अशा हॉटेलने दर्शनी भागात ‘कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन’ अशी पाटी लावणे बंधनकारक आहे. बिलावर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ऐवजी ‘बिल ऑफ सप्लाय’ असे शीर्षक असते आणि आपल्याला कर गोळा करण्याचा अधिकार नाही, असेही त्यावर लिहावे लागते. आमच्या काकांच्या मागे हीच पाटी होती.

आकड्यांत पाहू. मिसळीचा दर १०० रुपये आहे. साध्या नोंदणीच्या हॉटेलात ग्राहक १०५ रुपये देतो आणि मालकाच्या हाती १०० उरतात. कंपोझिशनच्या हॉटेलात ग्राहक १०० रुपये देतो आणि मालकाच्या हाती ९५ उरतात. म्हणजे बिलात कर न दिसणारा मालकही कर भरतच असतो. उलट, भिंतीवर ही पाटी आणि बिलात मात्र जीएसटीची ओळ, असे दिसले तर प्रश्न जरूर विचारावा.

जीएसटी क्रमांक खरा आहे का, हे कसे तपासायचे?

जीएसटी घेणाऱ्या प्रत्येक बिलावर १५ अक्षरांचा क्रमांक हवा. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा किंवा संस्थेचा पॅन क्रमांक. जीएसटीच्या संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेअर’ या पर्यायात हा क्रमांक टाकला की व्यवसायाचे नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे आणि ती साधी आहे की कंपोझिशनची, हे दिसते. त्यासाठी लॉग-इन करावे लागत नाही. चहा येईपर्यंत हे काम होते.

बिलावर आणखी एक क्रमांक असायला हवा, तो अन्नसुरक्षा परवान्याचा. एफएसएसएआयचा हा १४ आकडी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणे सक्तीचे आहे. जेवणाच्या दर्जाबद्दल किंवा स्वच्छतेबद्दल तक्रार करायची असेल तेव्हा हाच क्रमांक उपयोगी पडतो.

पराठ्यावरचा कर शून्य झाला, मग हॉटेलात का लागतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्यात पोळी, रोटी, पराठा आणि पाकीटबंद पनीर यांवरील कर शून्य झाला, तूप आणि लोण्यावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतर ‘मग आमच्या पनीर पराठ्यावर ५ टक्के कसे?’ हा प्रश्न अनेक गल्ल्यांवर विचारला गेला. शून्य कर आहे तो दुकानात वस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या पराठ्याला. हॉटेलात तोच पराठा ‘सेवा’ ठरतो. टेबल, पंखा, पाणी, वाढणारा माणूस असे सगळे त्यात आले. या सेवेवरचा ५ टक्के दर बदललेला नाही.

थाळी लगेच स्वस्त न होण्यामागे आणखी एक कारण आहे. कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेला कर पुढच्या करातून वजा करता येतो. ५ टक्के दराच्या हॉटेलांना ही वजावट मिळत नाही. १९ किलोच्या व्यावसायिक गॅस सिलिंडरवर १८ टक्के जीएसटी आहे, तर घरगुती सिलिंडरवर तो ५ टक्के आहे. हॉटेल भाड्याच्या जागेत असेल तर अनेकदा भाड्यावरही १८ टक्के लागतो. हा सगळा कर मालकाचा खर्च होतो आणि तो खर्च अखेर दरफलकावर उतरतो.

सेवा शुल्क द्यावेच लागते का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी याबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. हॉटेलने सेवा शुल्क बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावाने वसूल करू नये, ते ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे, ते दिले नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारू नये आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावू नये, असे त्यात म्हटले आहे.

हॉटेल मालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २० जुलै २०२२ रोजी तत्त्वांना स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा सिंह यांनी मात्र संघटनांच्या याचिका फेटाळल्या. सेवा शुल्क सक्तीने घेणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असा निर्वाळा देत दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चही ठोठावला. त्यावर संघटनांनी द्विसदस्यीय पीठाकडे अपील केले.

शेवटच्या आकड्यात याने किती फरक पडतो? चौघांचे खाणे १,००० रुपयांचे झाले असे धरू. त्यावर १० टक्के सेवा शुल्क म्हणजे १०० रुपये. मग १,१०० रुपयांवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ५५ रुपये. एकूण १,१५५. सेवा शुल्क नसते तर बिल १,०५० रुपये झाले असते. ग्राहकाला वाटते १०० रुपये जास्त गेले, प्रत्यक्षात जातात १०५.

हॉटेल मालकांचे म्हणणे काय?

सेवा शुल्काचे पैसे वेटर, आचारी आणि भांडी घासणाऱ्यांपर्यंत सगळ्यांत वाटले जातात, टिप मात्र फक्त वाढणाऱ्याला मिळते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. शिवाय शुल्क मेन्यू कार्डावर आधीच छापलेले असते, तेव्हा ग्राहक ते मान्य करूनच बसतो, असेही ते सांगतात. यातला पहिला मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मोरीवर उभा राहून दिवसभर ताटे विसळणाऱ्या मुलाला टिप कधीच मिळत नाही. पण त्याच्या पगाराची सोय करायला मालकाला कुणी अडवलेले नाही. पदार्थाचे दर ठरवण्याचे त्याला स्वातंत्र्य आहे. १०० रुपयांची मिसळ ११० रुपयांना विकली तर ग्राहक दरफलक पाहूनच आत येईल किंवा येणार नाही. आक्षेप आहे तो दर एक सांगून, खाऊन झाल्यावर दुसरा आकडा समोर ठेवण्याला. टिप द्यायची असेल तर जरूर द्यावी. ती मनाने द्यायची गोष्ट आहे, बिलात छापायची नाही.

पाण्याची बाटली एमआरपीपेक्षा महाग कशी?

‘साधं पाणी की बाटली?’ हा बसल्याबसल्या येणारा पहिला प्रश्न. इथे मात्र कायदा हॉटेलच्या बाजूने आहे. हॉटेलात बसून पाणी पिणे ही निव्वळ खरेदी नसून त्यात सेवाही आहे. त्यामुळे हॉटेले बाटलीसाठी एमआरपीहून अधिक दर आकारू शकतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. दुकानातून किंवा टपरीवरून बाटली घेताना मात्र एमआरपीच लागू होते. म्हणून बाटलीचा दर मेन्यूत आधी पाहावा आणि साधे पाणी मागायला संकोच करू नये.

मोबाइलवरून मागवल्यास काय बदलते?

१ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरून मागवलेल्या जेवणाचा जीएसटी हॉटेल नव्हे, तर अ‍ॅप कंपनी भरते. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या हॉटेलचे खाणे असले तरी हा कर लागतो. म्हणजे जी थाळी तिथे जाऊन खाल्ल्यास करमुक्त पडते, तीच घरी मागवल्यास तिच्यावर ५ टक्के चढतात. डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म शुल्कावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा.

हॉटेलने ऐकले नाही तर कुठे जायचे?

आधी गल्ल्यावर शांतपणे सांगावे, सेवा शुल्क काढून बिल पुन्हा द्या. बहुतेक ठिकाणी वाद तिथेच संपतो. नकार मिळाला तर बिलाचा फोटो जपून ठेवावा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची आहे. तिथे ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून तक्रार दाखल होते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

पण तक्रारीच्याही आधी बिल वाचण्याची सवय लागायला हवी. दरफलकावरचा दर आणि बिलातला आकडा यांत सरकारच्या कराशिवाय तिसरे काही आले, तर ते काय आहे हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे. बिलात कर दिसत नसेल, तर बोलण्याआधी भिंतीकडे एकदा नजर टाकावी. आमच्या काकांची आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, ‘‘विचारलंत ते बरंच केलंत. पाटी लावल्यापासून ती वाचणारे तुम्हीच पहिले.’’