कॅमेरा घेताय? आधी काम ठरवा, मग मॉडेल

व्हिडिओतले मुद्दे इथे थोडक्यात देतोय.

मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा. म्हणून तो डीएसएलआरपेक्षा आटोपशीर असतो. कॅनन आर50 बॅटरी-कार्डसकट साधारण 375 ग्रॅम भरतो, सोनी झेडव्ही-ई10 साधारण 343. दोन्हींत एपीएस-सी सेन्सर, 24 मेगापिक्सेल. मग फरक काय? आर50 ला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर आहे, झेडव्ही-ई10 ला नाही. जालन्याच्या उन्हात मोसंबीच्या बागेत फोटो काढायचे, तर स्क्रीनवर धड दिसत नाही. तिथे व्ह्यूफाइंडर कामाला येतो. दुकानात बसून व्हिडिओच करायचे असतील, तर त्यावाचून अडत नाही.

सगळे पैसे बॉडीत घालू नका. सोबत मिळणारी किट लेन्स कमी उजेडात तोकडी पडते. एफ1.8 ची एक लेन्स, ट्रायपॉड आणि माइक यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात बॉडी बसवा.

ट्यूबलाइटखाली व्हिडिओत पट्टे येतात? आपली वीज 50 हर्ट्झची आहे. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात.

पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी घ्याच. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल आणि कॅमेरा धंद्यासाठी असेल, तर बिलावर जीएसटी नंबर टाका. इनपुट क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशनवाल्यांना मात्र ते मिळत नाही.

आणि महिन्याला चारच फोटो लागत असतील, तर फोनवर भागवा. ते पैसे मालात गुंतवलेले बरे!