गोळी सुटते तेव्हा

मनाचं औषधपाणी : लेखांक सहावा

भाईंदर पूर्वेच्या खारीगावातून सकाळी रिक्षानं स्टेशन गाठायचं आणि चर्चगेट लोकलच्या गर्दीत तासभर उभं राहायचं, हा तिथल्या कित्येकांचा रोजचा क्रम. अशा प्रवासात डोकं जरा वळवलं की आत विजेचा बारीक झटका बसल्यासारखं झालं, पायाखालचा डबा बाजूला सरकल्यासारखा वाटला, दरदरून घाम फुटला, तर माणूस काय समजेल? बीपी, मानेचे मणके, अ‍ॅसिडिटी, उपाशी पोट. चार दिवसांपूर्वी आपण डिप्रेशनची गोळी बंद केली, हे कारण त्याच्या यादीत बहुधा शेवटी येतं. फॅमिली डॉक्टरलाही तो ते सांगत नाही, कारण गोळी चालू होती हेच मुळात सांगितलेलं नसतं.

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जावे लागतात. आज उलट्या बाजूनं, म्हणजे गोळी सोडताना काय होतं ते पाहू.

गोळी अचानक सुटण्याची कारणं आपल्याकडे औषधशास्त्रातली कमी आणि घरातली जास्त. 'आता बरं वाटतंय ना, मग कशाला?' हे सगळ्यात साधं. लग्न ठरलं की सासरी स्ट्रिप दिसू नये म्हणून मुली गोळ्या बंद करतात. दिवस गेल्याचं कळलं की बाळाच्या भीतीनं त्याच संध्याकाळी बंद करतात. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून डॉक्टर मुद्दाम बोरिवलीचा किंवा अंधेरीचा गाठलेला असतो. मग अर्ध्या दिवसाची रजा, फी आणि प्रवास यांत एक तारीख चुकते, स्ट्रिप संपते आणि जुन्या चिठ्ठीवर मेडिकलवाला गोळी देत नाही. देत नाही हे कायद्यानं योग्यच आहे. पण त्या दिवसापासून गोळी शून्यावर येते, हेही खरं. आणि या सगळ्याच्या वर घरातल्या मोठ्यांचं ठेवणीतलं वाक्य असतंच, 'सवय लागेल हं.'

गंमत अशी की याच भीतीनं गोळी एका झटक्यात सोडली की जो त्रास होतो, त्याकडे बोट दाखवून घरचे म्हणतात, 'बघ, लागली ना सवय!' व्यसनात ओढ असते, मात्रा वाढवत न्यावी लागते, वस्तू मिळवण्यासाठी माणूस काहीही करतो. या गोळ्यांचं तसं नसतं. मात्र शरीर त्यांच्याशी जुळवून घेतं, आणि त्या एकाएकी काढून घेतल्या की ते तक्रार करतं. स्टेरॉइड किंवा हृदयाच्या काही रुग्णांना दिले जाणारे बीटा ब्लॉकरही अचानक बंद करू नयेत असं सांगतात. त्यांना मात्र कुणी व्यसन म्हणत नाही.

ही माहिती काही नवी नाही. स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामीनचा नैराश्यावरचा गुण 1957 मध्ये जगापुढे मांडला आणि 1959 मध्येच ते औषध थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. तरीही पुढची साठ वर्षं 'सौम्य असतं, आठवड्याभरात जातं' हाच सूर राहिला. ब्रिटनच्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेनं आपल्या सूचनेतली भाषा बदलली ती ऑक्टोबर 2019 मध्ये. काहींना हा त्रास बराच काळ आणि तीव्रही होऊ शकतो, हे तेव्हा कुठे तिथे लिहिलं गेलं. रुग्ण मात्र ते आधीपासून सांगत होते.

त्रास नेमका कसा होतो? सर्दी-तापासारखी कणकण, मळमळ, झोप उडणं, भडक आणि चमत्कारिक स्वप्नं, तोल गेल्यासारखं वाटणं, हातापायांत मुंग्या, डोक्यातले ते झटके. त्याच्या जोडीला चिडचिड, अकारण रडू, धास्ती. बहुतेक वेळा हे दोन-चार दिवसांत सुरू होतं, पण गोळी कोणती यावर ते ठरतं. व्हेन्लाफॅक्सीनचं रक्तातलं प्रमाण पाचेक तासांत निम्म्यावर येतं, पॅरॉक्सेटीनचं साधारण एका दिवसात. म्हणून या दोन गोळ्या सोडताना जास्त छळतात. फ्लुऑक्सेटीन आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक मात्र कित्येक दिवस, कधी आठवडेही रेंगाळतात. त्यामुळे तिथे त्रास कमी, पण तो आलाच तर इतका उशिरा येतो की गोळीशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

किती जणांना होतो, यावर बरीच हमरीतुमरी झाली. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या दोन अभ्यासकांनी निम्म्याहून अधिकांना होतो असं मांडलं. 2024 मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त जर्मन संशोधकांनी 79 अभ्यास आणि 21 हजार रुग्णांची आकडेवारी एकत्र केली. गोळी थांबवलेल्यांपैकी 31 टक्क्यांना त्रास झाला. पण तुलनेसाठी दिलेली नुसती साखरेची गोळी थांबवलेल्यांपैकीही 17 टक्क्यांना झाला. म्हणजे निव्वळ औषधापायी होणारा त्रास साधारण सहा-सातांत एकाला, आणि तीव्र त्रास शंभरात तिघांना. टीकाकारांचा आक्षेप असा की यातल्या बऱ्याच अभ्यासांतले लोक काही आठवडे किंवा महिनेच गोळी घेत होते; वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना हा आकडा लावता येत नाही. आक्षेप रास्त आहे. घाबरून जावं असं हे चित्र नाही, पण दुर्लक्ष करावं असंही नाही.

आता या विषयातला सगळ्यात कामाचा शोध. मार्क हॉरोविट्झ हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर. लंडनच्या किंग्ज कॉलेजात याच औषधांवर त्यांनी पीएचडी केली, आणि स्वतःची एस्सिटालोप्रॅम सोडायला गेले तेव्हा इतके कोलमडले की सिडनीला आईवडिलांच्या घरी परतावं लागलं. त्यांनी आणि त्यांचे सहकारी डेव्हिड टेलर यांनी 2019 मध्ये मेंदूच्या स्कॅनचा आधार घेऊन एक साधी गोष्ट दाखवली. सिटालोप्रॅम या त्याच कुळातल्या गोळीची 40 मिलिग्रॅमची मात्रा मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन परत ओढून घेणारी 86 टक्के प्रथिनं अडवून धरते. मात्रा निम्मी केली, 20 केली, तरी 80 टक्के अडलेलीच असतात. 9 मिलिग्रॅमला सुमारे 70 टक्के, साडेपाचच्या आसपास 60, साडेतीनला 50. म्हणजे 40 वरून 20 वर येणं मेंदूला जेमतेम जाणवतं, आणि 20 वरून शून्यावर येणं म्हणजे एकदम 80 टक्क्यांची घसरण. जिन्याच्या वरच्या पायऱ्या बुटक्या आणि शेवटची पुरुषभर उंच असावी, तसा हा उतार आहे. 'अर्ध्यापर्यंत काहीच झालं नाही, मग अर्धी सोडली आणि आडवा झालो,' असं पेशंट म्हणतो तेव्हा तो नाटक करत नसतो.

याचा अर्थ शेवटचे काही मिलिग्रॅम सगळ्यात हळू, बारीक तुकड्यांत कमी करायचे. अडचण अशी की कंपन्यांच्या गोळ्या त्या मापात येत नाहीत. नेदरलँड्समध्ये रोजची थोडी थोडी उतरती मात्रा पाकिटांच्या पट्टीत भरून मिळते. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये ती सोय नाही. इथे डॉक्टर सगळ्यात कमी ताकदीची गोळी, तिचा अर्धा किंवा पाव तुकडा, किंवा हळू उतरणारी दुसरी गोळी यांतून वाट काढतात. यात दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे एक्सआर किंवा सीआर लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी चुरून अथवा कापून घेणं. तिच्यातलं औषध मग एकदम शरीरात सुटू शकतं. दुसरी म्हणजे 'एक दिवसाआड' घेणं. पटकन उतरणाऱ्या गोळीच्या बाबतीत याचा अर्थ दर दोन दिवसांनी औषध तळाला नेऊन पुन्हा वर आणणं. ऐकायला सौम्य वाटणारी ही पद्धत लवकर हद्दपार झालेली बरी.

त्रास सुरू झालाच तर पहिला प्रश्न पडतो : हा गोळी सुटल्याचा परिणाम, की आजार परतला? उत्तर नेहमी स्वच्छ मिळत नाही, पण खुणा आहेत. मात्रा कमी केल्यावर काही दिवसांतच सुरू झालं, सोबत चक्कर, झटके, मळमळ अशी पूर्वीच्या नैराश्यात कधीच नसलेली लक्षणं आहेत, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत उतार पडला, तर गोळीकडे बोट जातं. आजार सहसा सावकाश, आठवड्यां-महिन्यांनी परततो, आणि त्याचा चेहरा ओळखीचा असतो. ही शक्यता खोटी नाही. 2021 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत बरं वाटत असलेल्या 478 जणांपैकी गोळी चालू ठेवलेल्या गटात वर्षभरात 39 टक्क्यांचं नैराश्य परतलं, आणि हळूहळू बंद केलेल्या गटात 56 टक्क्यांचं. सोडणाऱ्यांपैकी 44 टक्के वर्षभर ठीक राहिले, असंही हाच आकडा सांगतो. सोडावी की नाही, याचा निवाडा म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावरून होत नाही.

सोडायची ठरली तर मुहूर्त सोयीचा धरावा. मुलाची दहावी, घर बदलणं, घरातलं आजारपण या काळात नको. तारीख, मात्रा, झोप आणि त्रास यांची रोज दोन ओळींची नोंद ठेवावी. डॉक्टरला दहा मिनिटांत जे सांगता येत नाही ते त्या वहीतून कळतं. चक्कर येत असेल तर स्कूटर घरी ठेवावी आणि लोकलच्या दारात उभं राहू नये. झोप येत नाही म्हणून दारू नको. त्रास सोसवेना तर दात-ओठ खाऊन पुढे रेटण्यापेक्षा डॉक्टरला विचारून मागच्या मात्रेवर परतावं, स्थिर व्हावं आणि पुढचा टप्पा लहान घ्यावा. घरातल्या निदान एका माणसाला हे सगळं माहीत असू द्यावं, म्हणजे चिडचिडीचा अर्थ भांडण असा लावला जाणार नाही.

जगणं नकोसं वाटणारे विचार आले तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा 14416 या क्रमांकावर 24 तास, फुकट आणि मराठीतही मिळते. ठाणे जिल्ह्यातल्या वाचकांना 1901 पासून चालू असलेलं ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. खारीगावातून घोडबंदर रस्त्यानं तिथं जाता येतं. आणि ज्यांनी ही गोळी आधीच, कुणाला न विचारता बंद केली आहे, त्यांनी आज एवढंच करावं : गोळीचं नाव, मात्रा आणि बंद केल्याची तारीख एका कागदावर लिहून तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरकडे जावं.